जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकल्यापासून वायफाय फक्त राउटरशेजारीच लागतं – ड्रायव्हरचा दोष की कार्ड गेलं?

मोरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. कॉम्प्युटरमधलं कामापुरतं कळतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, काही सुटलं असेल तर विचारा.

लॅपटॉप २०१५ सालचा, आय३ प्रोसेसरचा. रॅम वाढवून ८ जीबी केली आहे, एसएसडी टाकली आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून भाच्याने दिवाळीत लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) टाकून दिलं. मशीन आता पूर्वीपेक्षा चपळ चालतं. मराठी टायपिंग, प्रिंटर, सगळं लागलं. अडलंय ते एकट्या वायफायवर.

राउटर खाली सोप्यात आहे आणि मी काम करते माडीवर. माडीवर फोनला भरपूर रेंज असते, पण लॅपटॉपच्या यादीत आमच्या वायफायचं नावसुद्धा येत नाही. खाली राउटरच्या टेबलाला खेटून बसलं तर जोडलं जातं. दोन पावलं मागे सरकलं की तुटतं. आणि विंडोज असताना याच माडीवर, याच टेबलावर बसून मी ऑनलाइन प्रशिक्षणं केली आहेत, कॉल कधी तुटला नाही.

तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवलं. त्यांनी चालू करून पाहिलं आणि म्हणाले, वायफायचं कार्ड गेलंय, जुनं मशीन आहे, यावर खर्च करू नका, नवीन घ्या. भाचा बंगळूरला असतो. त्याने गिटहब या प्रोग्रामच्या कोडच्या साइटवरची एक लिंक पाठवली आहे, त्यातून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवून कम्पाइल करायचा, म्हणजे कोडपासून मशीनवरच बांधायचा, म्हणतो. मला ते करायची भीती वाटते, चालू आहे तेही बंद पडायचं.

यूडायस प्लसची (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरकारी पोर्टल) माहिती भरायची आहे. फोनच्या पडद्यावर ते लांबलचक तक्ते भरताना एका ओळीची माहिती दुसऱ्या ओळीत जाते. पोरांच्या नावात किंवा जन्मतारखेत चूक राहिली की ती पुढे दाखल्यापर्यंत त्यांच्या मागे लागते, म्हणून हे मला मोठ्या पडद्यावर, नीट बसूनच करायचं आहे. कुणी सांगेल का काय करू?

दख्खनी_पठार

ताई, सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं छोटं वायफाय. पाचशे-सातशेच्या आसपास मिळतं, लावलं की चाललं. फक्त घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, आतली चिप कोणती ते विचारा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचंच बघा. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, ती लिनक्सवर काही न करता चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. डब्यावर नाव तेच. जुन्या रिव्ह्यूवर विसंबून घेतलं की आत भलतीच चिप निघते.

जुना_बोर्ड

ताई, थांबा. डोंगल घेऊ नका, नवीन लॅपटॉप तर मुळीच नको. आणि भाच्याची लिंकही आत्ता बाजूला ठेवा.

माझं इचलकरंजीत दुरुस्तीचं दुकान आहे, जुनी मशीनं रोज हातात असतात. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. एक, विंडोजवर त्याच जागी नीट चालत होतं. दोन, राउटरजवळ आजही जोडलं जातं. कार्ड खरंच मेलं असतं तर ते जवळही लागलं नसतं. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नसतं तर एकही नेटवर्क दिसलं नसतं. म्हणजे कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर चढलेला आहे, आणि तरी त्याला ऐकू कमी येतंय. हे एका ठरावीक चिपचं लक्षण आहे. पण चिपचा नंबर बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

मिंटच्या मेनूत ‘सिस्टिम रिपोर्ट्स’ आहे. ते उघडून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’वर जा. खाली ‘नेटवर्क’ नावाचा भाग येईल. त्यात वायफायच्या ओळीसमोर ‘ड्रायव्हर’ आणि ‘चिप-आयडी’ असं लिहिलेलं असतं. चिप-आयडी म्हणजे चार अक्षरं, मध्ये विसर्गासारखे दोन टिंब, पुढे चार अक्षरं. ते जसंच्या तसं इथे टाका.

सोबत अजून एक. राउटरशेजारी बसून टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडा आणि ‘एनएमसीएलआय डेव्ह वायफाय’ ही कमांड द्या (इंग्रजी स्मॉल अक्षरांत, तीन शब्द, मध्ये एकेक स्पेस). जी यादी येईल तिच्यात ‘सिग्नल’ नावाचा रकाना असतो, शंभरपैकी आकडा. तुमच्या वायफायसमोरचा आकडा सांगा.

मोरणाकाठ

ड्रायव्हरसमोर ‘आरटीएल८७२३बीई’ आहे. चिप-आयडी ‘१०ईसी:बी७२३’. राउटरच्या टेबलावरच लॅपटॉप ठेवून सिग्नल ३७ दाखवतो. फोन तिथे पूर्ण दाखवतो.

जुना_बोर्ड

मिटलं. हीच ती चिप.

आता नेमकं काय होतंय ते सांगतो, म्हणजे पुढे जे करायचं ते डोळे झाकून करावं लागणार नाही. लॅपटॉपच्या तळाचं झाकण काढलं की हे कार्ड दिसतं, बोटाच्या दोन पेरांएवढं. त्याच्या एका कडेला अँटेना जोडायला पितळी रंगाची गोल सॉकेटं असतात, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठी. एकाला ‘मेन’ किंवा १ म्हणतात, दुसऱ्याला ‘ऑक्स’ किंवा २. अँटेनाची वायर पडद्याच्या कडेतून बिजागरीतून खाली येते आणि इथे टिचकन बसते. २०१४-१६ च्या सुमाराच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत कंपन्यांनी अँटेना एकच दिली. तेवढ्याने काही बिघडत नाही, एका अँटेनावर हे कार्ड व्यवस्थित चालतं. घोटाळा पुढे आहे. कार्डाच्या आत एक छोटी कायमची मेमरी असते, आणि अँटेना कुठल्या सॉकेटला आहे हे त्यात लिहिलेलं असतं. काही मशीनांत वायर एका सॉकेटला जोडली आणि मेमरीत नोंद दुसऱ्याची केली. विंडोजचा ड्रायव्हर बरोबर सॉकेट वापरतो, म्हणून तिथे कुणाला पत्ता लागत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर मात्र मेमरीतली नोंद प्रमाण मानतो आणि रिकाम्या सॉकेटवरून ऐकत बसतो. राउटर अगदी जवळ असला की रिकाम्या सॉकेटलाही थोडाफार सिग्नल झिरपतो. म्हणून तुम्हाला टेबलाशेजारी ३७ मिळतात आणि माडीवर काही नाही.

यावरचा उपाय ड्रायव्हरमध्येच आहे. लॅरी फिंगर नावाचे अमेरिकेतले एक गृहस्थ कितीतरी वर्षं लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांची देखभाल करत होते. त्यांनी २०१६ मध्ये या ड्रायव्हरला एक पर्याय जोडला. नाव ‘एएनटी_एसईएल’, म्हणजे कुठली अँटेना ते हाताने सांगायची सोय. लॅपटॉप उघडून वायर बदलली तर काहींची वॉरंटी जाईल आणि विंडोजही असेल तर तिथलं बिघडेल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले. माझ्या दुकानातून भंगारात न जाता परत पोरांच्या हातात गेलेल्या कितीतरी मशीनांमागे त्या माणसाचे कष्ट आहेत, म्हणून नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता कृती. आधी फक्त तात्पुरती चाचणी, रीस्टार्ट केलं की पुसली जाणारी. त्यामुळे घाबरू नका. दोन कमांड, एकापाठोपाठ:

सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई

सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=१

सगळं इंग्रजी स्मॉलमध्ये, ए-एन-टी, अंडरस्कोर, एस-ई-एल, बरोबरच्या चिन्हाच्या मागेपुढे स्पेस नको. पहिल्या कमांडने वायफाय गायब होईल, तो ड्रायव्हर उतरल्याचा परिणाम. दुसरीने परत येईल. पासवर्ड टाईप करताना पडद्यावर काही उमटत नाही, तरी तो जात असतो. मग पुन्हा तो सिग्नलचा आकडा बघा. फरक नसेल तर दोन्ही कमांड परत द्या, १ च्या जागी २ लिहून. कुठला आकडा लागू पडेल हे मशीनगणिक बदलतं, २ जास्त वेळा लागतो असा माझा अनुभव.

भाच्याच्या लिंकबद्दल: तो सल्ला चुकीचा नव्हता, शिळा आहे. त्या काळी डिस्ट्रोसोबत (मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या आवृत्त्यांसोबत) येणारा ड्रायव्हर कच्चा होता, म्हणून लोक बाहेरून आणून कम्पाइल करायचे. आता तो कर्नेलातच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, नीट आहे. बाहेरचा टाकलात तर कर्नेलच्या प्रत्येक अपडेटनंतर तो परत बांधावा लागतो, आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) चालू असेल तर सही नसल्यामुळे तो चढतच नाही. नेटवर या चिपचं नाव शोधलं की अजूनही तेच जुने लेख वर येतात, आणि माणसं नसत्या खटाटोपात पडतात.

कांदेपोहे_आणि_कर्नेल

एवढं करण्यापेक्षा कार्डच बदलून टाका. इंटेलचं ७२६० मिळालं तर त्यात ५ गिगाहर्ट्झही (वायफायचा दुसरा, जास्त वेगाचा पट्टा) येईल. यांचं आत्ताचं कार्ड फक्त २.४ वालं आहे.

जुना_बोर्ड

५ गिगाहर्ट्झचा मुद्दा बरोबर आहे. पण खेड्यातल्या जाड भिंतींच्या घरात, खालून माडीवर, २.४ च जास्त आत शिरतं. ताईंचं काम फॉर्म भरायचं आणि कॉलचं. त्याला हे कार्ड पुरून उरतं.

आणि कार्ड बदला म्हणताना एक सांगायला हवं. त्या पिढीतल्या काही कंपन्यांच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरू होतानाच ‘अनधिकृत नेटवर्क कार्ड’ अशा अर्थाचा संदेश देऊन अडून बसतं, पुढे जातच नाही. घेतलेलं कार्ड वाया. शिवाय ती अँटेनाची टोपी नखाने उपटताना वायरीपासून निसटते. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने, सरळ वर, कडेने न तिरकावता उचलायची असते. हात बसलेला नसेल तर घरी करायचं काम नव्हे.

तळेगाव_लोकल

मध्येच घुसतोय, माफ करा. माझाही जुना लॅपटॉप, मिंट टाकलं, पण माझ्याकडे वायफाय अजिबातच नाही. यादीच येत नाही, वायफायचं चिन्हच नाही. तुम्ही सांगितलं तसं बघितलं: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, चिप-आयडी १४ई४:४३६५, ड्रायव्हरसमोर काहीच लिहिलेलं नाही. हॉस्टेलवर केबल पण नाही. एएनटी_एसईएल करू का?

जुना_बोर्ड

नको, तो पर्याय त्या एका रिअलटेक ड्रायव्हरचा आहे. तुझा आजार वेगळा. तुझ्या चिपला कर्नेलात खुला (कोड सगळ्यांना उघड असलेला) ड्रायव्हरच नाही. जुन्या ब्रॉडकॉमसाठी बी४३ नावाचा ड्रायव्हर आहे, ४३१३ सारख्यांसाठी ब्रॉडकॉमने २०१० मध्ये स्वतः खुला केलेला आहे, पण ४३१४२ दोन्हीत बसत नाही. तिला फक्त कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर चालतो.

नेट नाही तर नेटवरून ड्रायव्हर कसा आणायचा, हा तुझा पेच. फोन केबलने लॅपटॉपला जोड, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू कर. मिंट त्याला वायरवालं नेट समजतं, वेगळं काही लागत नाही. मग मेनूतून ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघड, तिथे ब्रॉडकॉमची ओळ दिसेल, ती निवडून टाक आणि रीस्टार्ट.

सिक्युअर बूट चालू असेल तर टाकताना तो तुला एक पासवर्ड ठरवायला सांगेल. तो कागदावर लिही. रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन थोडा वेळच थांबते. बहुतेकजण काहीतरी बिघडलं समजून एंटर मारून पुढे जातात, आणि मग ड्रायव्हर टाकूनही वायफाय नाही म्हणून परत येतात. तुझ्या बाबतीत तसं झालं तर सांग.

मोरणाकाठ

जुना_बोर्ड दादा, झालं!!

१ ने काही फरक पडला नाही, उलट ३५ झाला. २ दिल्यावर टेबलाशेजारी थेट ९० च्या पुढे. लॅपटॉप तसाच उचलून माडीवर नेला. माझ्या टेबलावर ६८ दाखवतोय आणि शेजारच्या तीन घरांची नेटवर्क पण यादीत आली, जी मला आजवर कधी दिसलीच नव्हती. यूडायसचं पोर्टल उघडलं, लॉगिन झालं, आत्ता हे माडीवरूनच लिहिते आहे.

आता हे कायमचं कसं करायचं? आणि एक बारीक गोष्ट: दहा-पंधरा मिनिटं वाचत बसलं, काही क्लिक केलं नाही, की नंतरचं पान उघडायला फार वेळ घेतं. कधी कधी वायफाय बंद करून परत चालू करावं लागतं. मोठा फॉर्म भरताना तेवढ्यात पोर्टल बाहेर काढतं.

जुना_बोर्ड

वा ताई, फार बरं वाटलं.

ती बारीक गोष्ट म्हणजे वीज वाचवायची सवय. काम नसलं की कार्डाचं फर्मवेअर झोपतं आणि या चिपला उठायला जड जातं. अँटेनाचा पर्याय कायमचा करायला जी फाईल बनवायची, तिच्यातच तेही बंद करू. कायमचं करायला ही एकच ओळ टर्मिनलमध्ये द्या:

एको "ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२ एफडब्ल्यूएलपीएस=० आयपीएस=०" | सुडो टी /इटीसी/मॉडप्रोब.डी/आरटीएल८७२३बीई.कॉन्फ

यातला ‘टी’ म्हणजे टी-ई-ई, ‘एको’ ई-सी-एच-ओ, ‘इटीसी’ ई-टी-सी, ‘कॉन्फ’ सी-ओ-एन-एफ. मधली उभी रेघ एंटरच्या वरच्या बटणावर शिफ्ट दाबून येते. कमांड चालली की तीच ओळ खाली परत उमटेल. उमटलेली ओळ अक्षर-अक्षर तपासा, एखादं अक्षर चुकलं तर ड्रायव्हर तो पर्याय मुकाट सोडून देतो. मग रीस्टार्ट.

यानंतरही बसल्या बसल्या मंदावत असेल तर नेटवर्क मॅनेजरची स्वतःची वेगळी पॉवर सेव्हिंग असते. इटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात कॉन्फ.डी आहे, तिथे ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाईल सापडेल. तिच्यात ‘वायफाय.पॉवरसेव्ह = ३’ आहे, त्या ३ चे २ करायचे. पण आधी पहिलं करून दोन दिवस वापरून बघा. दोन्ही एकदम केलं तर कशाने गुण आला ते कळत नाही.

बॅटरी किंचित लवकर उतरेल. एवढ्या जुन्या मशीनला तुम्ही चार्जर लावूनच बसत असाल, तेव्हा जाणवणार नाही.

तळेगाव_लोकल

टेदरिंगवरून ड्रायव्हर टाकला. निळी स्क्रीन आली, पासवर्ड दिला, वायफाय आलं. धन्यवाद दादा. एक शंका, हा बंदिस्त ड्रायव्हर पुढच्या अपडेटला मोडेल का?

जुना_बोर्ड

मोडू शकतो. ब्रॉडकॉमने त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मध्ये काढली. त्यानंतर नव्या कर्नेलशी जुळवून घ्यायचं काम उबुंटू-डेबियनवाले ठिगळं लावून करत आलेत, आणि कधी कधी नवं कर्नेल आधी येतं, ठिगळ मागून. म्हणून जुनं कर्नेल लगेच काढून टाकू नकोस. अपडेटनंतर वायफाय गेलं तर मशीन सुरू होताना मेनूतून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागचं कर्नेल निवड, काम चालू राहील. परीक्षेच्या तोंडावर कर्नेल अपडेट करूच नको.

मोरणाकाठ

ओळ टाकली, तपासली, रीस्टार्ट केलं. मघाशी मुद्दाम चहा करून, मशीन तसंच ठेवून परत आले. पान पटकन उघडलं. भाच्यालाही हा धागा पाठवला आहे.

शेवटचं विचारते. मिंटचे अपडेट येत राहतात, त्यात ही फाईल पुसली जाईल का? आणि वर्गात मी ब्लूटूथ स्पीकर लावते कवितांसाठी, त्याला याचा काही त्रास?

जुना_बोर्ड

अपडेटमध्ये फाईल जात नाही, ती तुमची आहे, मिंट तिला हात लावत नाही. फक्त कधी नव्याने मिंट टाकलं तर परत करावं लागेल. ती एक ओळ वहीत उतरवून ठेवा, किंवा कागदावर लिहून लॅपटॉपच्या तळाला चिकटवा, माझ्या गिऱ्हाइकांना मी तेच करून देतो.

ब्लूटूथ त्याच कार्डावर आहे आणि तीच एक अँटेना वापरतं, दोघंही २.४ मध्येच. नुसत्या कविता ऐकवताना काही होणार नाही. पण वायफायवर मोठी फाईल उतरत असताना स्पीकर लावला तर आवाज अडखळेल. व्हिडिओ चालवायचा असेल तर आधी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, किंवा स्पीकरला हेडफोनची पिन असलेली वायर लागत असेल तर तीच लावा.